ढवळू नका, मी टाकी बोलतेय

मी टाकी बोलतेय. काचेची, चौकोनी, माणसाच्या कमरेएवढी उंच. पाणी साठवायची टाकी नव्हे हो, माझ्यात सकाळ भरतात. हसू नका. हवामानाच्या प्रयोगशाळेतल्या शिकल्यासवरलेल्या माणसांनीच हे काम मला दिलं, आणि मी ते त्यांच्यापेक्षा इमानाने केलं.

जन्म काचकारखान्यातला. सांधे भरताना कारागीर म्हणाला, "हिच्यातून थेंब गळला तर माझं नाव बदला." नाही गळला. आजवर नाही.

काम सांगते. रात्री जमीन निवते, तिच्या अंगची हवा गार पडते, आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी बसते. ऊन आलं की जमीन तापते. खालची हवा पातेल्यातल्या दुधासारखी उसळते, ऊब आणि ओल वर नेते. कुठपर्यंत नेते, किती वेळात नेते, त्यावर धुकं केव्हा विरणार ते ठरतं. आता आभाळ काही खोलीत आणता येत नाही. म्हणून माझ्या तळाला गार पाणी, त्यावर कोमट, त्यावर गरम. गरम पाणी तरंगत्या स्पंजवर सोडायचं, इतकं हळू की भरणाऱ्याची कंबर धरावी. तळच्या पाण्यात लाल रंग, ती ओल. मग बुडाखालचा पत्रा तापवायचा. झाली सकाळ.

प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणजे सर. सरांचं एक सूत्र होतं. ऊन पडलं की तासाभरात ओल खालपासून वरपर्यंत सारखी पसरते, असं ते सूत्र. रोजचा अंदाज त्याच्यावरच चालायचा. रेडिओवर बाई गोड आवाजात सांगायची, "धुकं सकाळीच विरेल." आणि भर दुपारी बसगाड्या दिवे लावून मुंगीच्या पावलांनी चालायच्या. सर स्वतः उशिरा यायचे. "काय करणार, धुकं होतं ना!" म्हणायचे. जनाची नाही ती नाहीच, मनाचीही नाही.

माझ्यात ओल तासाभरात कधीच पसरली नाही. लाल पाणी उसळायचं, वरच्या गरम थराला डोकं आपटायचं, खाली यायचं. त्या थराचे लचके तोडत, सावकाश, बोटबोटभर चढायचं. सरांना सावकाश चालत नसे. प्रयोग बघायला आलेल्या पाहुण्यांची पाठ वळली की ते कपाटातून लांब दांड्याची पळी काढायचे आणि माझ्यात दोन वेढे. "निसर्गात वारा असतोच की! हा वारा समजा." पुढे पुढे त्या पळीचं नावच वारा पडलं.

"अरे, वारा कुठे ठेवलास?" सर शिपायाला विचारायचे.

"धुवून वाळत घातलाय, सर."

पाहुणे वळायचे, तर सगळीकडे गुलाबी. टाळ्या! कुणाला? पळीला.

मग एक पोरगी आली. सरांच्या हाताखाली डॉक्टरेट करायला. सरांचं सूत्र माझ्यात तपासायचं, हाच तिचा विषय. पळीला तिने शिवलंसुद्धा नाही.

"सर, पसरत नाहीये."

"वारा घातलास का?"

"नाही."

"मग कशी पसरेल बाई? घाल की!"

"सर, ते वर अडतंय. खरंच अडतंय."

"मग टाकीचे कोपरे चुकीचे असतील."

कोपरे! नाचता येईना अंगण वाकडं. मला घासलं, पत्रा बदलला, खिडकीपासून हलवलं. लाल पाणी आपलं तिथेच.

शेवटी सर उघडच बोलले, "माझं सूत्र बरोबर ठरलं तर पदवी. नाहीतर नवा विषय, पहिल्यापासून."

पोरीच्या आईचा फोन यायचा. आवाज असा खणखणीत की फोन कानाला लावायची गरजच नाही. "होईल होईल काय लावलंयस? सर सांगतात ते लिही नि मोकळी हो. शहाणपण नंतर कर!" पोरगी माझ्या काठावर कोपर टेकून ऐकायची. फोन ठेवून माझं पाणी बदलायची.

परीक्षेचा दिवस उजाडला. बाहेरगावच्या परीक्षक बाई आल्या, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. सर म्हणाले, "मॅडम, आधी जेवून घेऊ. तोवर इथलं मिसळून येईल." बाई दाराबाहेर गेल्या आणि सर "चष्मा राहिला" म्हणत परत. चष्मा कसला, पळी! एक वेढा पडला. दुसऱ्याला पोरीने दांडा धरला.

"सोड."

"नाही सोडत, सर."

"पदवी हवीय ना तुला?"

"हवीय. म्हणूनच नाही सोडत."

बाई दारात उभ्या. "काय चाललंय?"

सरांच्या हातात ठिबकणारी पळी. "मॅडम, हा... वारा आहे."

"मॅडम, टाकी ढवळली गेलीय," पोरगी म्हणाली. "पुन्हा भरते. पण दुपार जाईल."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. "जाऊ दे. जेवण इथेच मागवा."

पोरीने मला भरलं. स्पंजवर, थेंब मोजल्यासारखं. पत्रा तापला. लाल पाणी उसळलं, चढलं, अडलं. बाईंनी नाक माझ्या काचेला लावलं.

"हे वर का जात नाही, सर?"

"वर झाकण आहे ना, मॅडम..." आणि सरांनी जीभ चावली.

"हो का? तुमच्या सूत्रात कुठंय हे झाकण?"

सर चष्मा शोधायला लागले. तो नाकावरच होता.

पोरगी हळूच म्हणाली, "मॅडम, टाकीत पळी घालता येते. रोज सकाळी आभाळात कोण घालणार?"

पदवी मिळाली तिला. आईच्या फोनने तावदानं हादरली.

दुसऱ्या दिवशी दोघा शिपायांनी उचलून मला जिन्याखाली आणलं. नव्या नोकरीच्या ठिकाणी पोरगी मला मागत होती. सर म्हणाले, सदोष वस्तू बाहेर देता येत नाही. आता तेच सूत्र संगणकात चालतं. तिथे पाणी दिसत नाही, हात ओले होत नाहीत. माझ्यात मोडक्या छत्र्या आहेत. लोक धुक्याला शिव्या घालत माझ्या डोक्यावरून जिना चढतात.

मला पुन्हा भरा, असं म्हणत नाही मी. पण माझ्या काचेवर सरांनी चिठ्ठी डकवलीय, "टाकी सदोष". जाता-येता कुणीतरी ती नखाने खरवडून काढा. मला हात नाहीत. तुम्हाला आहेत.