कॅमशाफ्टमधले आबा

रविवारी सकाळी साडेआठलाच त्रिमूर्तीनगरातल्या गोपाळरावांच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या दूध केंद्रापर्यंत रांग गेली होती. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या जरीपटक्याहून लोक आले होते. बुटीबोरीच्या कारखान्यांतली रात्रपाळी संपवून काहीजण हातातल्या डब्यासकट थेट इथेच उतरले होते. एवढी गर्दी पाहून तर्री पोह्याची एक गाडीही फाटकाशी लागली होती. आणि ही सगळी शहाणीसुरती माणसं एका मोटारीशी बोलायला आली होती.

मोटार लाल, विलायती, दोघांपुरती, साठ वर्षांची. गोपाळरावांचे वडील मार्तंडराव, म्हणजे आबा, यांनी ती हौसेनं घेतली आणि जन्मभर तिला कुणाला हात लावू दिला नाही. आबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण गेले तीन रविवार ते या गाडीच्या इंजिनातून उत्तरं देत होते. एक टक म्हणजे हो, दोन टक म्हणजे नाही. हयातीत साध्या 'नाही'साठी दोन तास भाषण देणारे आबा मेल्यावर इतके कमी कसे बोलू लागले, हे कुणालाही विचारावंसं वाटलं नाही.

बॉनेटच्या बाजूला आबांच्याच आरामखुर्चीत दुर्गेशनाथ महाराज बसले होते. कपाळावर चढवलेला काळा गॉगल, डावा हात बॉनेटवर आणि उजवा हात गोमुखीत, म्हणजे जपाची माळ झाकायच्या त्या कापडी पिशवीत. त्यांच्या मागल्या रविवारच्या पराक्रमाची चर्चा अजून रांगेत चालू होती. शेजारच्या यमुताईंनी विचारलं होतं, "आबा, उद्या माही कामवाली येते का?" टक-टक. आणि ती खरंच आली नाही! पोळ्याच्या सणासाठी ती आठ दिवस गावी जाणार हे तिनं स्वतःच सगळ्या गल्लीला सांगितलं होतं, पण चमत्कार तो चमत्कार.

याची सुरुवात मात्र अगदी साधी होती. गाडी चालू केली की इंजिन टकटक वाजायचं. गोपाळरावांची मुलगी मयुरा आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवते. तिनं कान लावून सांगितलं, "बाबा, कॅमशाफ्ट गेला." इंजिनच्या डोक्यावर एक लोखंडी दांडा फिरतो. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात आणि ते फिरता फिरता व्हॉल्व्ह दाबून उघडतात. त्यातला एक उंचवटा झिजला होता. नवा कॅमशाफ्ट मागवला, तो यायला दोन महिने लागले. मधल्या काळात यमुताईंकडे पूजेला आलेल्या महाराजांनी तो आवाज ऐकला आणि डोळेच मिटले.

"आत्मा आहे! मार्तंडजींचा आत्मा!" महाराज म्हणाले. मग शुद्धीकरण करायचं म्हणून गाडीभोवती पडदा लावून तासभर एकटेच आत बसले. पडदा उघडला तेव्हा इंजिन बंद होतं, चावी गोपाळरावांच्या खिशात होती, आणि तरी गाडीतून आवाज आला, टक!

"त्यांचा वास कॅमशाफ्टमध्ये आहे," महाराजांनी जाहीर केलं. "समझो, तेच त्यांचं सिंहासन! त्याले हात लावाल तर अनर्थ होईल. या घरात कुठंच लोखंड लागलं नाही पाहिजे. गाडीले पाना नाही आणि माणसाले चाकू नाही!"

हा चाकू थेट गोपाळरावांच्या पत्नी शोभाताईंपर्यंत पोहोचला. त्यांच्या पित्ताशयात खडे झाले होते, सूज वाढत होती, आणि डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी या सोमवारची तारीख देऊन बजावलं होतं की आता थांबण्यात धोका आहे. शोभाताईंना ऑपरेशनचं नाव काढलं तरी कापरं भरायचं. त्यांनी आबांना विचारलं आणि आबा म्हणाले, टक-टक. शोभाताईंचा जीव भांड्यात पडला. सोमवारी जायचं नाही, असं त्यांनी घरात सांगून टाकलं.

आणि गोपाळराव? कोषागारात पस्तीस वर्षं काढलेला हा माणूस सहीशिवाय कागद पुढे सरकू द्यायचा नाही. पण पहिल्याच रविवारी, गर्दी पांगल्यावर, महाराज खुर्चीतून उठायच्या आधी, त्यांनी बॉनेटजवळ वाकून हळूच एक प्रश्न विचारला होता. "आबा, माझ्यावर खूश आहात ना?" उभ्या आयुष्यात त्यांना वडिलांकडून या प्रश्नाचं उत्तर मिळालं नव्हतं. टक, गाडी म्हणाली. सासष्ट वर्षांचे गोपाळराव लहान मुलासारखे रडले, आणि नवा कॅमशाफ्ट आला तेव्हा त्याचा खोका तसाच पलंगाखाली गेला.

शुक्रवारी दुपारी शोभाताई गॅसजवळ पोट धरून खाली बसल्या. ओठ पांढरे पडले होते. तरी म्हणत होत्या, "काही नाही होत हो, आबा आहेत." गोपाळरावांनी त्यांना आधार देऊन पलंगावर निजवलं. आपल्याला मिळालेल्या एका टकीसाठी आपण हिला धोक्यात घालतो आहोत, हे त्यांना त्या क्षणी लख्ख दिसलं आणि स्वतःची लाज वाटली.

शनिवारी शोभाताई औषध घेऊन झोपल्यावर ते मयुराला म्हणाले, "खोलून टाकू."

"तुमचा विश्वास नाही ना राहिला?"

"थोडा आहे. खोटं कायले बोलू?"

"मग आपण दोघं मिळून तपासूनच घेऊ," मयुरा म्हणाली. "आबा कॅमशाफ्टमध्ये असतील, तर कॅमशाफ्ट जिथं जाईल तिथून टक आली पाहिजे. बरोबर ना?"

हे गोपाळरावांना पटलं. दोघांनी इंजिनचं वरचं झाकण उतरवलं. कॅमशाफ्ट फिरवणारी चेन आत घसरू नये म्हणून मयुरानं ती तारेनं बांधली आणि सगळे नट थोडे थोडे, सारखेच सैल करत कॅमशाफ्ट उचलून घेतला. एक उंचवटा बोट फिरवताच सपाट लागत होता. झाकण परत बसवल्यावर बाहेरून काही कळायला मार्ग नव्हता.

तर आता या रविवारी गोपाळराव महाराजांच्या समोर पाटावर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर शालीत गुंडाळलेलं एक जड गाठोडं होतं.

"प्रसाद का?" महाराजांनी प्रेमानं विचारलं.

"तसंच समजा," गोपाळराव म्हणाले.

मयुरा पुढे झाली. "महाराज, आज पहिला नंबर माझा. आबा, तुम्ही कॅमशाफ्टमध्येच राहता ना?"

टक!

"तिथून उठून दुसरीकडं नाही ना गेले?"

टक-टक!

"म्हणजे आत्ताही कॅमशाफ्टमधूनच बोलून राहिले?"

टक! रांगेतून जयजयकार झाला. महाराजांनी डोळे मिटून मान डोलावली.

गोपाळराव दोन्ही हात गाठोड्यावर दाबून बसले होते. एकदा तरी बोटांना काही जाणवावं असं त्यांना फार फार वाटत होतं. पण मांडीवरचं लोखंड निपचित होतं. त्यांनी शाल सोडली आणि तेलानं चकाकणारा दांडा दोन्ही हातांनी वर धरला.

"हा आबांचा कॅमशाफ्ट," ते म्हणाले. "कालपासून इथं आहे. मग गाडीत कोण बोलून राहिलं, महाराज?"

पोहेवाल्याचा झारा हवेतच थांबला. महाराजांचे डोळे उघडले ते उघडेच राहिले. "आत्मा... बेटा, आत्मा चंचल असतो. तो रेडिएटरमध्ये..."

"आत्ताच तर नाही गेलो म्हणाले!" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

आता उठल्या त्या शोभाताई. तीन रविवार या माणसाला त्यांनी स्वतःच्या हातानं वडा-भात वाढला होता. "महाराज, पिशवीतला हात काढा."

"माताजी, जप भंगेल..."

"भंगू द्या." त्यांनी गोमुखी सरळ ओढली. माळ निघालीच नाही. निघालं ते काळं, दोन बटणांचं रिमोट. शोभाताईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि एक बटण दाबलं.

टक!

"अगंबाई, आबा!" यमुताई हात जोडून मोकळ्या झाल्या.

शोभाताईंनी पुन्हा दाबलं. टक. मग टकटकटकटक! आबा एका दमात चौदा वेळा 'हो' म्हणाले आणि सगळं आवार हसून लोटपोट झालं. मयुरानं पुढच्या मडगार्डच्या आत हात घातला आणि काडेपेटीपेक्षा जरा मोठी एक मोटर बाहेर ओढली. तिला लोहचुंबक आणि बॅटरी चिकटवलेली होती. "गाडीचं दार लॉक करते ना, ती ही मोटर. हिची दांडी पत्र्यावर आपटते. पडद्याआड झालं ते शुद्धीकरण हेच!"

तोवर महाराज गॉगल आणि चपला तिथेच टाकून दूध केंद्राच्या पार पोहोचले होते. रांग मात्र मोडली नाही. आता प्रत्येकाला एकदा रिमोट दाबून पाहायचं होतं!

"दाबा, सगळे दाबा," मयुरा म्हणाली, "पण एवढं ध्यानात ठेवा. आवाज आला की हात जोडायच्या आधी बॉनेट उघडा. चमत्कार दिसला की तो करणाऱ्याचे दोन्ही हात कुठं आहेत ते पाहा. आणि दुखणं झालं तर डॉक्टरले विचारा, मोटारीले नाही."

शोभाताईंनी शेवटचा नंबर स्वतः लावला. "आबा, उद्या दवाखान्यात जाऊ का?" त्यांनी बटण दाबलं. टक. "पाहा, हो म्हणून राहिले!" हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

सोमवारी ऑपरेशन नीट पार पडलं. इकडे बापलेकीनं नवा कॅमशाफ्ट बसवला, आणि गुरुवारी गोपाळराव लाल गाडी घेऊन शोभाताईंना आणायला गेले. गाडी चालू झाली. शोभाताईंनी कान टवकारले.

"टकटक नाही येऊन राहिली."

"नाही."

"वाईट वाटते का हो?"

"एका टकीचं वाटते," गोपाळराव म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी तो प्रश्न बायकोला सांगितला.

शोभाताई त्यांच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "आबा तुमच्यावर खूश होते का नाही, मले नाही माहीत. पण मी आहे. आणि पाहून घ्या, माझ्या हातात काहीच नाही." असं म्हणून त्यांनी दोन्ही तळहात उघडून त्यांच्यासमोर धरले.