एक्केचाळिसावं पान

कॉलेजच्या ग्रंथालयात एकतीस हजार पुस्तकं होती आणि त्यातलं जवळजवळ एकही ग्रंथपाल बाईंनी निवडलेलं नव्हतं. विभागांकडून याद्या यायच्या, बाई पुस्तकं मागवायच्या, शिक्के मारायच्या, रांगेत लावायच्या. चोवीस वर्षांत त्यांची स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट तिथे होती: खिडकीजवळचं काचेच्या दारांचं कपाट. त्यावर त्यांनी आपल्या अक्षरात चिठ्ठी डकवली होती, 'फावल्या वेळासाठी'. आत दोनशे बारा पुस्तकं. खून, प्रेमप्रकरणं, भुतं, समुद्रावरच्या सफरी, आणि का कोण जाणे, एक मधमाश्यांवरचं. यातलं परीक्षेत काही विचारत नाहीत, एवढा एक गुण सगळ्यांत सारखा. प्रत्येक पुस्तक बाईंनी आधी स्वतः वाचून मगच आत ठेवलं होतं.

सोमवारी उपप्राचार्यांचं पत्र आलं. नऊ वर्षांत या कपाटातून एकही पुस्तक वाचायला नेल्याची नोंद नाही. सबब, पुस्तकं तळघरात हलवून कपाट क्रीडा विभागाला ढाली ठेवायला द्यावं. गुरुवारी समिती पाहणीला येईल. उपप्राचार्य संख्याशास्त्र शिकवायचे. शून्याखाली त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या.

शून्य खरंच होतं. आणि ते सगळं बाईंचंच कर्तृत्व.

पहिल्या महिन्यात कपाटापाशी नोंदवही होती. रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक प्रेमकथा घ्यायला आले ते "बायकोला हवी आहे" म्हणत. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. मुली भुताचं पुस्तक मागायच्या ते "धाकट्या भावासाठी". स्वतःसाठी म्हणून कुणी काही मागेचना, आणि सही करायची वेळ आली की निम्मे लोक पुस्तक जागेवर ठेवून काढता पाय घ्यायचे. बाईंनी वैतागून वहीच बंद केली. न्या, वाचा, आणून ठेवा, कुणाचं नाव लिहिणार नाही आणि कुणाला सांगणार नाही, असं जाहीर केलं. त्या दिवसापासून कपाटाचं दार करकरायचं थांबलं नाही.

फक्त एक अडचण झाली. वहीच नाही म्हटल्यावर आपण काय वाचलंय हे लोकांच्या लक्षात राहीना. शंभर पानं वाचून झाली की कळायचं, अरे, हा मुडदा आपण आधीच पाहिलाय. तेव्हा कुणीतरी वाचून झालेल्या पुस्तकाच्या एक्केचाळिसाव्या पानाच्या तळाशी पेन्सिलीनं बारीकसा त्रिकोण काढायला सुरुवात केली. एक्केचाळीसच का, ते त्या त्रिकोणालाच ठाऊक. तो पाहून दुसऱ्यानं शेजारी मासा काढला, तिसऱ्यानं शिडी. बाईंनी कधी कुणाला विचारलं नाही, पण टेबलामागे बसलेल्या बाईलाही डोळे असतात. त्रिकोण म्हणजे भूमितीच्या बाई. मासा म्हणजे कॅन्टीनचा आचारी. शिडी म्हणजे वायरमन. अर्धा चंद्र मात्र कुणाचा ते नऊ वर्षांत कळलं नव्हतं. तो बहुधा बाई डबा खायला गेल्यावर उगवायचा, आणि जवळजवळ प्रत्येक पुस्तकात होता.

"आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलास," बाईंचा नवरा म्हणाला. तो ओट्यापाशी घेवड्याच्या शेंगा निवडत होता.

"मी त्यांना ती पानं दाखवते ना."

"दाखव की. मग ते विचारतील, मासा कोण? सांगणार आहेस?"

बाईंनी कढई गॅसवर ठेवली.

"एक तर कपाट वाचव, नाहीतर शब्द पाळ. दोन्ही जमेल असं काही मला दिसत नाही."

नवऱ्याचं बोलणं बरोबर असलं की बाईंना जास्त राग यायचा. त्या दिवशी भाजीत मीठही जास्त पडलं.

गुरुवारी समिती आली. समिती म्हणजे उपप्राचार्य, आणि हातात मोजपट्टी घेतलेले क्रीडाशिक्षक. क्रीडाशिक्षकांनी आल्या आल्या कपाट मोजायला घेतलं. बाईंना ते पाहवेना. घरात माणूस धडधाकट बसलेला असताना त्याच्या खोलीचं माप घ्यावं तसं त्यांना वाटलं.

"नऊ वर्षं, शून्य नोंदी," उपप्राचार्य म्हणाले. "आकड्यापुढे माझा इलाज नाही, बाई."

"नोंद नाही, साहेब, पण वाचतात. सगळे वाचतात." बाईंनी कपाटाचं दार उघडलं. "पुरावा पुस्तकांमध्येच आहे."

"असं?" उपप्राचार्यांनी हात घालून समोरचं पुस्तक काढलं, एका झटक्यात उघडलं आणि पानाच्या तळाशी बोट ठेवलं. "या असल्या खुणा? पुस्तकं खराब केलेली, त्याला तुम्ही पुरावा म्हणता? कुणाच्या आहेत या? नावं सांगा."

पान एक्केचाळिसावं होतं. त्रिकोण, मासा, शिडी, आणि कडेला अर्धा चंद्र.

कुठलं पान ते बाईंनी अजून सांगितलेलं नव्हतं.

बाईंनी पानाच्या आकड्याकडे पाहिलं. मग उपप्राचार्यांकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचा अवकाश होता, आणि कपाट जन्मभर जागचं हललं नसतं. ते वाक्य अगदी ओठावर आलं होतं.

"बऱ्याच जणांच्या खुणा ओळखते मी, साहेब," त्या म्हणाल्या. "आत्ताच आणखी एक ओळखली. पण इथे वाचणाऱ्याचं नाव सांगायचं नाही असा माझा नियम आहे. मग तो वाचणारा कुणीही असो."

उपप्राचार्यांचं बोट अजून पानावरच होतं. त्यांनी खाली आकडा पाहिला आणि बोट उचललं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चोवीस वर्षांत बाईंनी त्यांच्या चेहऱ्यावर रंग असा पहिल्यांदाच पाहिला.

"तीन फूट दोन इंच," क्रीडाशिक्षक कपाटामागून म्हणाले. "ढाली आरामात मावतील, सर."

"नाही मावणार," उपप्राचार्य म्हणाले.

"नाही, सर, मी आत्ताच मोजलं, चार इंच उलट—"

"मावणार नाहीत म्हटलं ना."

क्रीडाशिक्षकांनी मोजपट्टी गुंडाळून खिशात टाकली. उपप्राचार्यांनी फाईल उघडून उभ्या उभ्याच अहवाल लिहिला: 'कपाट ढालींसाठी लहान पडते. आहे तिथेच असू द्यावे.' खाली सही केली. बाई टेबलामागे आपल्या जागी जाऊन बसल्या.

निघताना उपप्राचार्य कपाटापाशी थांबले. त्यांनी मधमाश्यांवरचं पुस्तक काढलं, उघडून एका पानाचा तळ नीट निरखला आणि मिटून फाईलखाली धरलं.

"सर, ते पुस्तक?" क्रीडाशिक्षकांनी विचारलं.

"बायकोला हवंय," उपप्राचार्य म्हणाले.

बाई खाली मान घालून शिक्के मारत राहिल्या.