धुराड्याची झडप

घरातली ऊब बाहेर गेलेली बिबिजारअपांना मुळीच खपत नसे. दक्षिणेत, झेतिसायच्या कपाशीच्या मुलखात, त्यांचा सगळा जन्म पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, जाळण्यात गेला होता. पऱ्हाट्यांचा जाळ भडकतो, घटकाभर नाचतो आणि विझतो. विझला रे विझला की धुराड्याची झडप लोटायची, नाहीतर कमावलेली ऊब आभाळाला दान. हे त्यांना त्यांच्या सासूने शिकवलं आणि त्यांनी आपल्या सगळ्या सुनांना. आता धाकट्या मुलाच्या संसाराबरोबर त्या या उत्तरेत येऊन पडल्या होत्या, जिथे ऑक्टोबरात पडलेला बर्फ एप्रिलपर्यंत हलायचं नाव घेत नाही, आणि जिथे चुलीत पऱ्हाट्या नव्हे, दगडी कोळसा जळतो.

या ओसाड उत्तरेत माणसं वसवायला सरकारने घर दिलं, तोलेगेनला रस्त्यावरचा बर्फ लोटायच्या ट्रॅक्टरवर काम दिलं, त्याच्या बायकोला, पेरीझातला, शाळेच्या स्वयंपाकघरात घेतलं. थंडी मात्र कुणी आधी समजावून दिली नाही. ती इथे आल्यावरच समजते. नाकातले केस कडक होतात, दाराची कडी उघड्या हाताने धरली तर कातडी सोलून निघते, आणि दुपारी जेवणं आटोपून भांडी घासेपर्यंत बाहेर अंधारायला लागतं. पेरीझातला रोज सकाळी उठताना वाटायचं, आजचा दिवस निभावला तर पुरे.

पण थंडीपेक्षाही तिला धास्ती होती ती त्या झडपेची.

शाळेतल्या मुख्य स्वयंपाकीण एर्नामावशींनी पहिल्याच दिवशी तिला कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं, "तुम्ही दक्षिणेकडची माणसं, म्हणून सांगते. कोळसा वरून राखेसारखा दिसला तरी आत जिवंत असतो. निळी ज्योत दिसतेय तोवर झडपेला हात लावायचा नाही. लावलास तर जो वायू घरात कोंडतो ना, त्याला रंग नाही, वास नाही. माणूस गाढ झोपतो आणि झोपूनच राहतो. ऐकतेस ना?"

पेरीझातने ऐकलं होतं. अगदी हाडात मुरेपर्यंत ऐकलं होतं. पण घरी जाऊन ते सांगायचं कसं? सुनेने सासूला चुलीचं शिकवायचं? त्यांच्यात सून सासरच्या माणसांची नावं घेत नाही, सासूच्या समोरून पाठ करून जात नाही, सकाळी वाकून सलाम केल्याशिवाय चहाला हात लावत नाही. तिने एकदा नवऱ्याला सांगून पाहिलं.

"अगं, सांगतो मी अपाला," तोलेगेन बूट चढवत म्हणाला. "सवडीने सांगतो. आत्ता सांगितलं तर म्हणेल, बायकोने शिकवून पाठवलाय."

ती सवड काही आली नाही. मग पेरीझातने स्वतःपुरती एक वाट काढली. अपा झडप लोटत, आणि कोळशाची बादली आणायच्या निमित्ताने जाता-येता ती झडप हळूच ओढून ठेवी. बोटभर फट. अपांचं लक्ष नसे. पुन्हा लोटली, पुन्हा ओढली. तोंडातून ब्र न काढता सगळं पार पडत होतं, आणि आपण मोठ्या हुशारीने वागतोय असं तिला वाटत होतं. खुळी कुठली!

कारण अपांना आंधळेपण काही आलं नव्हतं. झडप आपोआप सरकते, एवढं त्यांनी हेरलं आणि दोष दिला तो चुलीला.

"कुणी बांधलीय रे ही चूल?" रविवारी चहा पिताना त्या मुलाला म्हणाल्या. "मी झडप लावते आणि ही बया आपली उघडीच. भूत शिरलंय तिच्यात. रात्रभर माझी हाडं कुडकुडतात. एवढा मोठा ट्रॅक्टर हाकतोस, आईला एक झडप बसवून देता येत नाही?"

तोलेगेनने लगेच हातोडी घेतली. लोखंडी पत्र्याची कड ठोकून वाकवली, खाचेत घट्ट बसवली. आता ती सरकवायला दोन्ही हातांचा जोर लागत होता. पेरीझात बाजूला कणीक मळत होती. तिने नवऱ्याकडे डोळे वटारून पाहिलं. त्याला वाटलं, ती कौतुकाने बघतेय. त्याने हसून मिशीवर हात फिरवला.

"अस्सं!" अपा म्हणाल्या. "आता कशी हलते ते बघतेच."

मंगळवारी पेरीझात कामावर निघाली तेव्हा आभाळ साफ होतं. चार वर्षांची अकबोता सर्दीतापाने फणफणली होती, म्हणून तिला आजीजवळ ठेवलं. चुलीत नुकताच कोळसा घातलेला होता, झडप सताड उघडी होती. दारात पेरीझात थबकली. आत्ता सांगावं. एकच वाक्य तर आहे. "अपा," ती म्हणाली, "कोळसा आज जरा ओलसर आहे. झडप… जरा वेळ राहू दिली तर…"

"जा गं बाई, दार लाव," अपा म्हणाल्या. "गार वारा येतोय पोरीच्या अंगावर."

तिने दार लावलं.

शाळेत सूप उकळायच्या आधीच वादळ आलं. इथे ते असंच येतं. समोरचं दुकान दिसत असतं, मान खाली घालून बटाटा सोलावा आणि वर पाहावं तर खिडकीबाहेर सगळं पांढरं. वारा धुराड्यात शिरून रडायला लागला. मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं की मुलं शाळेतच राहतील आणि कुणीही पायी बाहेर पडणार नाही. तोलेगेन केव्हाच जिल्ह्याच्या रस्त्यावर गेला होता आणि आता तो तिथेच अडकणार, हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

पेरीझातने फोन उचलला. असा वारा सुटला की धुराड्यातून घरात गार झोत येतात आणि अपा आधी काय करतील, तर झडप लोटतील. एरवी जाळ बसेपर्यंत ती घरी परतलेली असायची, मागून ओढायला. आज कोण ओढणार? ती फोन लावत राहिली. लागेना. हातातल्या सुरीने दोनदा बोट कापलं. एर्नामावशींनी तिच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता बटाट्यांचं घमेलं आपल्याकडे ओढून घेतलं.

मग एकदम फोन लागला.

"अपा! मी पेरीझात. सगळं ठीक आहे ना?"

"ठीक म्हणजे काय, झकास!" अपांचा आवाज जड, झोपाळलेला येत होता. "वारा नुसता बोंबलतोय. पण माझ्या लेकाने झडप काय बसवलीय! जाळ बसला तशी लावून टाकली. घर कसं हमामासारखं तापलंय. पोरगी गाढ झोपलीय. मघाशी जरा उलटी झाली तिला, सर्दीचीच असेल. माझंही डोकं धरलंय. मीही आता पडते जरा तिच्याजवळ."

पेरीझातने फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबला.

"अपा, पडू नका. झडप उघडता का जरा? आणि दार…"

"काय?"

"दार उघडा, अपा, कृपा करून…"

"या वादळात दार? वेड लागलंय का तुला? झोपू दे गं बाई मला, डोळे मिटतायत." आवाज लांब जायला लागला. फोन खाली ठेवत होत्या त्या.

आणि तेव्हा पेरीझातच्या तोंडून जे निघालं ते तिने आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं, गायीगुरांनासुद्धा नाही.

"ए म्हातारे! उठ! दार उघड म्हणते ना! माझी पोरगी मारतेयस तू! झडप उघड, दार उघड, सगळं उघड, नाहीतर आल्यावर तुझं तोंड बघणार नाही मी! ऐकतेस का? उठ!"

स्वयंपाकघरात सगळे हातातलं काम टाकून उभे राहिले. फोनमधून काहीच आलं नाही. श्वाससुद्धा नाही. तिने कानापासून काढून पाहिला तर फोन बंद पडलेला. अपांनी ठेवला, की लाइन गेली, की हातातून गळून पडला, काही कळायला मार्ग नव्हता. पुन्हा लावला. लागला नाही. पुन्हा. नाही.

ती कोट न घालताच दाराकडे धावली. एर्नामावशी आडव्या उभ्या राहिल्या.

"वाट सुटली तर संपलीस. मागच्या वर्षीचा दूधवाला आपल्याच फाटकाच्या तोंडाशी सापडला, वसंतात."

"सोडा मला."

"झडप?"

पेरीझातने नुसती मान हलवली. एर्नामावशींनी आपल्या घरच्या जर्मनमध्ये एक कचकचीत शिवी हासडली, कुणाला ते त्यांनाच ठाऊक. मग त्यांनी भिंतीवरची कपडे वाळवायची दोरी ओढून काढली, एक टोक पेरीझातच्या कमरेला बांधलं, दुसरं आपल्या. आपली लोकरीची शाल तिच्या तोंडाभोवती गुंडाळली. "कुंपणाला हात. हात सुटला तर उभी राहा, एक पाऊल टाकायचं नाही. मी ओढीन."

बाहेर डोळे उघडे ठेवण्यात अर्थ नव्हता. हातमोज्याखाली कुंपणाची एकेक फळी येत होती आणि पेरीझात प्रत्येक फळीला मनात म्हणत होती, झोपू नकोस, झोपू नकोस. ती कुणाला म्हणत होती, पोरीला की सासूला, ते तिलाही सांगता आलं नसतं. दुकानापाशी कुंपण संपलं. तिथून पलीकडच्या कुंपणापर्यंत नुसतं मोकळं मैदान आणि त्यात वारा. मावशींनी तिला दोरीवर पुढे सोडलं. ती गुडघ्यांवर रांगत गेली. हाताला काहीच लागेना. आपण उलट दिशेला चाललोय अशी तिची खात्री झाली, आणि त्याच क्षणी तिचं कपाळ फळीवर आपटलं. एवढा आनंद तिला लग्नातही झाला नव्हता.

आपलं फाटक तिने हाताने चाचपून ओळखलं. अंगण तुडवत ती पुढे झाली आणि थबकली.

घराचं दार सताड उघडं होतं. आतल्या खोलीचंही. पडवीत गुडघाभर बर्फ येऊन पडला होता. उंबऱ्याजवळच्या बाकावर, अंगावर घरातला प्रत्येक कोट आणि रजई घेऊन, बिबिजारअपा बसल्या होत्या. चेहरा पिवळा पडलेला, ओठ निळे, पण पाठ ताठ. आणि त्या ढिगाऱ्यातून अकबोता भोकाड पसरून रडत होती. पेरीझात खालीच बसली आणि पोरीच्या पायांना मिठी मारून तिच्याबरोबर रडायला लागली.

"उघडलं," अपा म्हणाल्या. दात वाजत होते तरी शब्द स्पष्ट होते. "दार उघडलं, झडप उघडली, कपड्यांची पेटीसुद्धा उघडून ठेवलीय. म्हटलं, येऊ दे माझ्या लेकाला, बघू दे गार पडलेलं घर, मग सांगते त्याला त्याची बायको आईशी कशी बोलते ते. म्हातारी म्हणाली मला! म्हातारी! पहिल्या गाडीने मी झेतिसायला जाणार." त्या उठायला गेल्या आणि गुडघे वाकून पुन्हा बाकावर आदळल्या.

एर्नामावशींनी आत जाऊन चुलीत डोकावलं. निखारे अजून निळसर होते. त्या बाहेर आल्या आणि सरळ अपांपुढे उभ्या राहिल्या.

"डोकं ठणकतंय? पायांत जोर नाही? मळमळतंय?"

"सुनेच्या शिव्या खाल्ल्यावर आणखी काय होणार?"

"शिव्यांनी नाही होत. बंद झडपेने होतं. दार उघडून बसलात म्हणून बोलताय. पोरीशेजारी आडव्या झाला असतात तर आम्ही आत्ता दोघींना चादरीत गुंडाळत असतो." मावशींना गोड बोलायची सवय नव्हती.

अपांनी अकबोताकडे पाहिलं. तिच्या तोंडाला वाळलेली उलटी त्यांनी आपल्या बाहीने पुसली, सावकाश, पुन्हापुन्हा. मग सुनेकडे वळल्या.

"तुला हे माहीत होतं?"

"हो, अपा."

"कधीपासून?"

"आलो तेव्हापासून."

"म्हणजे ती झडप… भूत नव्हतं."

"मीच ओढत होते."

"आणि बोलली नाहीस."

"तुम्हाला कसं सांगणार, अपा?"

"आज सांगितलंस तसं!" अपा ओरडल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गालावर तिथल्या तिथे थिजायला लागलं. "आधी का नाही ओरडलीस? मान ठेवत होतीस माझा? नातीला माती दिल्यावर काय करणार होते मी त्या मानाचं?"

पेरीझातने घसरलेली रजई अपांच्या खांद्यावर ओढली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वादळ ओसरलं आणि तोलेगेन भुवयांवर बर्फ घेऊन घरी आला. "कसं काय, अपा? काही त्रास नाही ना झाला?"

"बायकोला विचार तुझ्या," एवढंच त्या म्हणाल्या. सकाळपासून त्या सुनेशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. वाकून केलेला सलामही त्यांनी भिंतीकडे तोंड करून घेतला होता. कालची "म्हातारी" इतक्यात पचणार नव्हती, आणि पेरीझातलाही ती घशात अडकल्यासारखी वाटत होती.

चुलीतला जाळ बसला. अपा सवयीने उठल्या, झडपेपर्यंत गेल्या, दोन्ही हात मुठीवर ठेवले. तोलेगेन चहा ओतत होता. अपांनी तसंच, मान न वळवता विचारलं, आणि विचारलं ते मुलाला नाही.

"लावू का गं?"

पेरीझातच्या तोंडात आर्जवं गोळा झाली. अपा, जरा वेळ, आपली हरकत नसेल तर. ती सगळी तिने गिळली.

"नाही," ती म्हणाली.

अपांनी हात काढून घेतले.

"मग कधी ते तूच सांग," त्या म्हणाल्या, आणि तिवई ओढून निखाऱ्यांकडे बघत बसल्या.