पाच तासांचा फलक

सकाळचे साडेदहा. विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या कचेरीची काच नुकतीच पुसून झाली आहे. त्या काचेआड टांगलेला फलक मी, मीच बोलतोय. माझ्या अंगावर दोन ओळी आहेत. समुद्रापलीकडच्या शहराचं हवाई अंतर : तीन हजार नऊशे किलोमीटर. थेट विमानाने : पाच तास.

'पाच तास' रंगाऱ्याने मुद्दाम लाल रंगात काढलं. "साहेब, लोक किलोमीटर वाचत नाहीत, तास वाचतात," तो मालकाला म्हणाला.

खरंच होतं ते. माझ्यासमोर उभं राहूनच एका निवृत्त बस ड्रायव्हरने मुलीच्या परदेशातल्या नोकरीला होकार दिला. बायकोच्या डोळ्यांत पाणी.

"अगं, पाच तासांत मी घाट उतरून जेवायला घरी यायचो! तिथलं इस्पितळ पोरीला नर्स म्हणून मानानं बोलावतंय, आणि तू रडतेस काय?"

मुलगी गेली. तेव्हापासून तो रोज सकाळी फिरून येताना काचेपाशी थांबायचा, लाल अक्षरं वाचायचा, मान डोलवायचा आणि चालू लागायचा. मला तेव्हा स्वतःचा अभिमान वाटायचा.

मग थेट विमान बंद झालं. आता मधे दोनदा उतरा, बाकांवर ताटकळा. खिडकीवरच्या बाईंनी मालकाला विचारलं, "फलक उतरवू का?"

"असू दे हो. तो बघूनच तर गिऱ्हाईक पायरी चढतं."

ड्रायव्हर रोज यायचाच. मालक त्याला आतून हातही करायचा. काच सरकवून एक वाक्य बोलायला काय जात होतं त्याचं?

गेल्या आठवड्यात मुलगी परतीचं तिकीट काढायला आली. सोबत आई, हातात नवऱ्याचा चष्मा.

"बाबांचं आतडं फुटलं होतं," मुलगी खिडकीवरच्या बाईंना सांगत होती. "डॉक्टर म्हणाले, ताबडतोब ऑपरेशन. पण बाबा हटून बसले, पोरीचं तोंड बघितल्याशिवाय आत जाणार नाही. मी फोनवर ओरडून सांगितलं, बाबा, मला यायला उद्याची रात्र होईल, थांबू नका."

"ते म्हणाले, ती उगाच घाबरवतेय," आई म्हणाली. "रोज वाचतो मी, पाच तास. संध्याकाळी दारात उभी राहील."

ती पोचली तेव्हा त्यांना घरी आणलं होतं. चादरीखाली.

मालक पुढे आला. "काकू, वेळापत्रकं बदलत असतात. विमान कंपनीपुढे आमचं काय चालतं?"

"हा फलकही कंपनीनेच लावलाय का?" आईने विचारलं.

मालकाने पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता.

मी ज्या दिवशी टांगला गेलो, त्या दिवशी खरा होतो. नंतर मला खोटं पाडलं गेलं, आणि मला ना तोंड, ना खिळ्यावरून उतरायला पाय. उतरवा मला. निदान उलटा तरी करा.

आज काच पुसताना माझ्यावरची धूळही पुसली गेली. अक्षरं लांबून स्पष्ट दिसतात. थेट विमानाने : पाच तास.