मिस्त्रींचे घमेले

पत्र्याच्या पेटीत आम्ही सहा जण आहोत. प्रोजेक्टरच्या दोन साध्या लेन्स, फिल्म कापायची एक कात्री, तेलाची एक बुधली, पिवळी पडलेली मलमलीची एक चिंधी आणि मी. मित्रांनो, मी एक जुनी लेन्स आहे, पण त्या दोघींसारखी नाही. त्या चित्र मोठे करतात. मी ते फक्त रुंद करते, नेमके दुप्पट. उंचीला मी हात लावत नाही.

माझ्या काचा वाटीसारख्या खोलगट नाहीत, पन्हळीसारख्या आहेत. म्हणून प्रकाश माझ्यातून आडव्याच दिशेने पसरतो. रुंद पडद्याचा सिनेमा घेताना माणसे आडवी दाबून फिल्मवर उतरवतात. ती फिल्म उजेडात धरली, तर त्यातले सगळे उंच आणि काडीसारखे दिसतात. त्यांना पुन्हा त्यांच्या मापावर आणायचे, एवढ्यासाठीच परदेशातल्या कुणा कारागिराने मला कितीतरी आठवडे घासले होते.

१९६२ साली शिरूरच्या आनंदरावांनी मला मुंबईच्या जुन्या बाजारातून आणले. आनंदराव बागाईतदार होते आणि त्यांचा फिरता तंबू-सिनेमा होता. मशीन सिद्दीक चालवायचा. माझ्यासाठी नवा लांबरुंद पडदा शिवून घेतला गेला. दौंडला पहिल्याच खेळात पडद्यावर आगगाडी आली, तेव्हा रेल्वेतला एक माणूस उठून उभा राहिला आणि ओरडला, “आरं, आख्खं इंजान मावलं की!” पुढे पाटसपासून लोक बैलगाड्या जुंपून येऊ लागले. सिद्दीक रोज मला मलमलीने पुसायचा. मला फार बरे वाटायचे.

पण मुख्य सिनेमाच्या आधी एक छोटी सरकारी फिल्म दाखवावी लागे. ती साधी असे, न दाबलेली. तिच्यासाठी मला काढून ठेवायला हवे होते. सिद्दीकने पहिल्या दिवशी तसे केलेही. चित्र पडद्याच्या मधोमध आले आणि दोन्ही बाजू रिकाम्या राहिल्या. लोकांनी शिट्ट्या मारल्या. “आर्धा पडदा कुठं गेला? आर्धं तिकीट परत द्या!”

आनंदराव आत आले. “सिद्दीक, ती काच काढू नगंस.”

“आप्पा, माणसं फुगत्यात.”

“फुगू दे. धा मिन्टाचा तर परश्न हाय. लोक फुल पडदा बघाया येत्यात.”

सिद्दीकला चूक ठाऊक होती, मलाही ठाऊक होती. त्या दिवसापासून तंबूत तशी रीतच पडली. सरकारी फिल्ममधले बैल हत्तीसारखे चालायचे, सायकलची चाके अंड्यासारखी फिरायची, आणि लोक पोट धरून हसायचे. हळूहळू ती दहा मिनिटे म्हणजे करमणूकच झाली.

मग शिरूरला घोडनदीच्या बंधाऱ्याची फिल्म आली. ती सात वर्षांपूर्वी घेतलेली होती. त्या बंधाऱ्यावर मीरासाहेब नावाचे मिस्त्री होते. फिल्म घेतल्यावर वर्षाच्या आतच ते तापाने गेले. त्यांचा एकही फोटो घरात नव्हता. बायको मेहरुन शिवणकाम करायची. मुलगी रजिया आता आठ वर्षांची होती आणि तिला वडिलांचा चेहरा आठवत नव्हता. ती वयाच्या मानाने फार उंच आणि किडकिडीत होती. शाळेत मुली तिला ‘शिडी’ म्हणायच्या. घरी आई म्हणायची, “म्हणू दे. तू तुझ्या अब्बावर गेलीस.” रजियाला तेवढाच आधार होता.

त्या दिवशी दोघी अगदी पुढे बसल्या होत्या. पडद्यावर मिस्त्री आले. त्यांनी धुतलेले घमेले दोन्ही हातांनी छातीशी धरले, तळ समोर केला आणि थोडा वेळ स्थिर उभे राहिले. माझ्यातून ते गेले ते दुप्पट रुंद, म्हणून बुटके दिसतील असे होऊनच.

“ह्यो मिस्त्री हाय का भोपळा?” मागून कुणीतरी म्हणाले.

“बंधारा कशाला बांधताय? ह्यालाच आडवा झोपवा!”

सगळा तंबू हसला. रजियाने आईचा पदर ओढला. “अम्मा, ह्यो अब्बा हाय?”

“व्हय. रुमाल बांधायची रीत त्येंचीच हाय. पर ते आसं नव्हतं गं.”

“हाच म्हनतीस, आन् आसा न्हाई म्हनतीस. मग मी कुनावर गेले?”

मेहरुनने तिचा हात धरला. मुख्य सिनेमा सुरू व्हायच्या आधीच दोघी उठून गेल्या. सिद्दीकने त्यांना जाताना पाहिले, आणि त्या मिस्त्रींच्याच घरच्या, हे त्याला कुणाकडून तरी कळले. मित्रांनो, काचेला डोळे मिटता येत नाहीत. मी तो चेहरा तसाच पडद्यावर धरून ठेवला होता.

तंबू दौंडला हलला. रविवारच्या गाडीने फिल्म परत जाणार होती. सिद्दीक दोन दिवस नीट जेवला नाही. शेवटी त्याने शिरूरच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे निरोप दिला: भाभी, एकदा या, पोरीला घेऊन या.

शनिवारी संध्याकाळी तिकीटविक्रीच्या आधी त्या आल्या. सिद्दीक रजियासमोर उकिडवा बसला. “बेटा, त्या दिवशी ही काच काढली नाही, मी चुकलो. तुझा अब्बा तसा नव्हता. आज खरा दाखवतो.”

रजिया हटली नाही. “मामू, त्या दिवशी जाड दावला, आज बारीक दावशील. खरा कंचा, ते मला कसं कळायचं?”

एकदा खोटे दाखवल्यावर खऱ्यावरही कुणी विश्वास का ठेवावा?

मग रजियाच म्हणाली, “अम्मा, ते घमेलं आपल्याकडं हाय. ते गोल हाय. पडद्यावर गोल दिसलं, तर अब्बा खरा.”

“आन् गोल हाय का न्हाई, नुसतं बघून सांगशील व्हय?” आनंदराव दारातून म्हणाले.

“मोजनार,” रजिया म्हणाली.

मेहरुनने पिशवीतून शिवणाची टेप आणि टाचण्या काढल्या. आनंदराव दचकले. “आवं बाई, पडद्याला भोकं पाडता काय?”

“टाचनीचं भोक हाय, आप्पा. दिसलं तर रफू करून देते.” थोडे थांबून ती म्हणाली, “लोकं हसली, तवाबी तुमी तंबूतच हुता.”

आनंदराव खाली बघत बाजूला झाले, आणि पडद्यामागे बाकडे त्यांनी स्वतःच नेऊन ठेवले. मागून पाहिले तरी कापडातून चित्र दिसते, आणि उजेडात सावली पडत नाही.

पहिल्यांदा रजियाने मला लावूनच फिल्म चालवायला सांगितली. जाड आणि बारीक, दोन्ही चित्रे मोजायची, हा तिचा हट्ट होता. मिस्त्रींनी घमेले धरले. मेहरुनने डावीउजवीकडे एकेक टाचणी टोचली, रजियाने वर आणि खाली. आडवे बावन्न इंच भरले, उभे सव्वीस. मित्रांनो, माझी चूक अशी इंचात मोजलेली मी तेव्हा प्रथमच ऐकली.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. मला धुळीपासून जपा, पण त्याहून आधी डब्यातली फिल्म कोणती ते पाहा. पडदा रिकामा राहिला तर राहू द्या. पडद्यावरचा माणूस कुणाचा तरी असतो.

सिद्दीकने मला काढले आणि पेटीच्या झाकणावर ठेवले. तिथून मला पडदा दिसत होता. फिल्म पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. दोन्ही बाजूंना कोरे कापड राहिले, आणि मधोमध एक उंच, किडकिडीत माणूस चालत आला. त्याने घमेले छातीशी धरले. चार टाचण्या पुन्हा टोचल्या गेल्या. फिल्म संपली, कंदील लागला. रजियाने आधी आडवी टेप लावली, मग उभी, आणि मोठ्याने वाचले.

आडवे सव्वीस इंच. उभे सव्वीस इंच.