गच्चीवरची नुसती तार

रविवारी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, क्लबच्या बैठकीत मी रत्नमालाला सगळ्यांदेखत झापलं. मी पॉलिटेक्निकचा निवृत्त मास्तर, ती माझी जुनी विद्यार्थिनी. आखूड अँटेनाला लावलेल्या कॉइलच्या दोन्ही टोकांना मी करंट मोजला होता. करंट दोन्हीकडं एकाच क्षणी चढतो नि उतरतो, म्हणजे कॉइल पार करायला त्याला वेळच लागत नाही, असं मी ठासून सांगितलं.

"सर, ही स्टँडिंग वेव्ह आहे," ती म्हणाली. "टोकावरनं लाट माघारी फिरते नि जागच्या जागी वरखाली होते, म्हणून नुसत्या तारेवरही असंच दिसतं. त्यावरनं वेळ कळत नाय."

"आधी पुस्तक उघड, मग तोंड!" मी खेकसलो. सगळे हसले. ती गुमान खाली बसली.

आज सकाळी तिला खोटं पाडायलाच गारखेड्यातल्या आमच्या गच्चीवर दहा मीटर तार ताणली, कॉइल न लावता. पाच ठिकाणी मोजलं. पाचही ठिकाणी करंट एकाच क्षणी चढत होता. आता करंट दहा मीटर तारही वेळ न लावता पार करतो, असं कुठल्या तोंडानं म्हणू?

लगेच तिला फोन लावला. "तुझंच खरं निघालं. कुठं वाचलंस हे?"

"तुमच्याच तासाला लिहून घेतलंय, सर. वहीत खाली तुमची सही आहे."

"मग बैठकीत का नाही सांगितलंस?"

"इतक्या लोकांत तुम्हाला कसं वाटलं असतं, सर?"