साहेबांचा राग

आमोद दीक्षित केबिनबाहेर आला, की खराडीतल्या त्या सॉफ्टवेअर कंपनीचा अख्खा मजला गप्प होई. कामात साहेब हुशार, पण राग कायम नाकावर. टेबलावर मूठ आपटणं, कागद भिरकावणं, चारचौघांत आईबापांचा उद्धार करणं हे रोजचंच. "प्रेशर असतं हो," म्हणत सगळे सोसत. असे साहेब आपल्याही ऑफिसात आहेतच की!

त्या सोमवारी अमेरिकेतल्या ग्राहकाला दिलेला प्रोग्राम कोसळला. आमोदने वाशीमच्या अबोल बद्रीनाथला सर्वांसमोर उभं केलं.

"तुला आधी दिसलं नाही?"

"दिसलं होतं, सर. शुक्रवारी सांगायला आलो, तर तुम्ही हाकलून दिलंत."

"मला उलटून बोलतोस?"

आमोदने टेबलावरचा कॉफीचा जड मग उचलून फेकला. तो सरळ बद्रीनाथच्या कपाळावर फुटला. रक्ताची धार डोळ्यात उतरली. बद्रीनाथ ओरडत आमोदवर झेपावला. गळा धरून त्याला मागच्या काचेवर आदळलं. काच खळ्ळकन फुटली, आमोदचा दंड चिरला गेला. चौघांनी ओढून त्यांना सोडवलं.

दवाखान्यात टाके घालून झाल्यावर आमोद धुमसत होता. कंपनीतले सर्वांत ज्येष्ठ अधिकारी, श्यामसुंदर करंदीकर, शेजारी बसले होते.

"पोलिसात देतो त्याला. आयुष्यातून उठवतो!"

"जरूर द्या. पण कॉफीचा मग आधी कुणी फेकला, तेही लिहा."

"सर, मी रागात होतो!"

"तोही रागातच होता. तो आज, तुम्ही रोज."

करंदीकरांनी खुर्ची जवळ ओढली.

"राग येऊ नये असं नाही म्हणत मी. पण तो चढतोय हे आधी स्वतःला कळायला हवं, आणि समोरच्याचं काय होतंय तेही. लोक तुम्हाला चूक सांगायला घाबरतात, म्हणून ती ग्राहकाला सापडते."

इतक्यात पडद्यापलीकडून बद्रीनाथचा आवाज आला. तो फोनवर बोलत होता.

"काही नाही वं माय, दरवाजा लागला डोक्याला. साहेब? चांगले आहेत. त्यांनीच आणलं दवाखान्यात."

आमोदच्या मनात आलं, ज्याचं कपाळ आपण फोडलं, तो आईपाशी आपली लाज राखतोय!

तो उठला, पडदा सारून आत गेला.

"बद्रीनाथ, माझं चुकलं. फार चुकलं रे."

बद्रीनाथ हसला नाही. "माझाही हात उठला, सर. तेही चूकच. पण ह्यापुढे मी ऐकून घेणार नाही. बाकीच्यांनीही घेऊ नये."

"नका घेऊ," आमोद म्हणाला.

तक्रार झाली नाही. आमोदने सगळ्या मजल्यासमोर माफी मागितली, टीमचं प्रमुखपद काही काळ स्वतःहून सोडलं आणि तो समुपदेशकाकडे जाऊ लागला. राग अजूनही येतो, पण आता तो आधी बाहेर जाऊन एक चक्कर मारतो आणि मगच बोलतो.

वाचकहो, हाताखालची माणसं गप्प असतात, म्हणून ती सुखात आहेत असं समजू नका. स्वतःचा राग ज्याला ओळखता येत नाही, त्याने दुसऱ्यांच्या कामाची सूत्रं हाती घेऊ नयेत. माणसं धाकाने वाकतात. सोबत मात्र विश्वासानेच चालतात!